कोकण किनाऱ्यावरचे शरदातले पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या सुमारास फोनवर एकच प्रश्न यायला लागतो, "आले का?" दिवाळीपर्यंत त्याला फाटे फुटतात. कुठे जायचं, किती वाजता, तो वाकड्या चोचीचा कोण, लाँचवरून गाठ्या टाकल्या तर चालतं का. दरवर्षी तीच उत्तरं निरनिराळ्या लोकांना टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेली बरी. डहाणूपासून गोव्यापर्यंतचा किनारा डोळ्यांसमोर आहे, पण माझ्या बहुतेक सकाळी अलिबागच्या बाजूच्या पुळणींवर गेल्या आहेत, तेव्हा माप तिकडे झुकेल.

पक्षी नेमके येतात कधी? पेपरात तर डिसेंबरात बातमी असते.

बातमी डिसेंबरात येते. पक्षी पावसातच येतात.

जुलै सरता सरता, छत्री उलटी होईल असा वारा असताना, खाडीकाठच्या एखाद्या दगडावर तुतवार बसलेला दिसतो. बसलेला म्हणजे काय, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत उभा असतो. मोसमाची सुरुवात ती. ऑगस्टमध्ये चिखल्यांचे थवे उतरतात आणि त्यातल्या काहींच्या छातीवर विणीच्या काळातला तांबूस रंग अजून शिल्लक असतो. डिसेंबरात येणाऱ्या माणसाला हा रंग कधीच दिसत नाही, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरची ओली, चिकट, डासांनी भरलेली सकाळ मला जास्त प्रिय आहे. आधी येतात ते प्रौढ पक्षी. त्या वर्षी जन्मलेली पिल्लं काही आठवड्यांनी मागून येतात, तीही बहुतेक जातींत आईबापांशिवाय. वाट कुणी दाखवलेली नसते.

पुढचा क्रम सणांवर बांधला की लक्षात राहतो. गणपतीच्या आगेमागे ओढ्याकाठी करडा धोबी. नवरात्रापर्यंत विजेच्या तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा आणि भातशेतांवर तरंगत फिरणारा दलदली भोवत्या. दसरा ते कोजागिरी या काळात परसातला थिरथिरा, बोरूच्या बेटातला शंकर आणि फक्त वाटेत थांबून पुढे जाणारे वाटसरू. दिवाळीला कुरव आणि बदकं. त्यानंतर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, अमूर ससाणा. तारखा आठवडाभर मागेपुढे होतात. पाऊस लांबला की पक्षी आलेले असूनही दिसत नाहीत, कारण पाणी सगळीकडे असतं आणि ते पांगलेले असतात.

हे सगळे सायबेरियातून येतात ना?

"सायबेरियन पाहुणे" हा मथळा छापखान्यात कायमचा जुळवून ठेवलेला असावा. काही येतातच. कर्ल्यू सँडपायपर हा मुठीएवढा पक्षी सायबेरियाच्या अगदी उत्तरेच्या टुंड्रात वीण करतो आणि शिवडीच्या चिखलात उतरतो. पण आपल्या पुळणीवर सगळ्यांत जास्त धावताना दिसणारा छोटा वाळू-चिखल्या तिबेटच्या पठारावरून आणि लडाखच्या बाजूने येतो. २०२३ मध्ये या जातीचे दोन भाग झाले, सायबेरियन आणि तिबेटी. आपल्याकडचे बहुतांश तिबेटी. लाँचमागे उडणारा तपकिरी डोक्याचा कुरवही तिकडच्याच उंच सरोवरांवर वाढलेला असतो. म्हणजे चार हजार मीटरवर जन्मून समुद्रसपाटीला हिवाळा काढणारा. भोरड्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतात. आणि मुंबईचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बरेचसे कच्छच्या रणातून, म्हणजे परदेशी सोडाच, शेजारच्या राज्यातून.

राहता राहिला "पाहुणे" हा शब्द. टुंड्रातला उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात अंडी, पिल्लं उरकून हे पक्षी निघतात आणि प्रवासाचा काळ सोडला तर वर्षाचा मोठा भाग आपल्या खाड्यांत काढतात. पहिल्या वर्षातली कितीतरी पिल्लं पुढच्या उन्हाळ्यात परत जातच नाहीत, पावसाळाही इथेच घालवतात. बाळंतपणाला दोन महिने माहेरी गेलेल्या बाईला सासरी परतल्यावर कुणी पाहुणी म्हणत नाही.

किनाऱ्यावर किती वाजता जावं? पहाटे ना?

झाडावरच्या पक्ष्यांसाठी पहाटे. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी घड्याळ बाजूला ठेवा आणि पंचांग काढा.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, पक्षी त्यावर पांगतात आणि पाण्याच्या कडेला, किलोमीटरभर लांब, ठिपके होऊन बसतात. दुर्बिणीतूनही काही कळत नाही. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. चरायला उरलेली पट्टी अरुंद होत जाते, थवे दाटतात. भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास म्हणजे सोनं. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि सगळे उडून मिठागरांच्या बांधांवर, पाणथळ शेतांत किंवा पुळणीच्या वरच्या अंगाला जाऊन एका पायावर उभे राहतात.

भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशेब असा : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता. अष्टमीला सहा. अनंत चतुर्दशीला साडेदहा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती, म्हणून ही वेळ सकाळीही आणि संध्याकाळी किंवा रात्रीही. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचाच हा ढोबळ हिशेब. मुंबई-अलिबागला अर्धा-पाऊण तासाच्या फरकाने तो जुळतो. दक्षिणेकडे भरती आधी येते, तेव्हा गोव्यात हाच हिशेब लावलात तर उशिरा पोहोचाल. आता मोबाइलवर मिनिटासकट वेळा मिळतात, हे खरं. पण तिथी पाठ असली की पुढच्या महिन्याचा रविवार चहा पिता पिता ठरवता येतो.

यातून सकाळी फिरणाऱ्यांसाठी सरळ निष्कर्ष निघतो : एकादशी ते चतुर्दशी, शुद्ध असो वा वद्य. भरती सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे उजाडल्यापासून पाणी चढतं. याउलट अष्टमीला पहाटे उठून गेलात तर सहाला भरती संपलेली आणि पुढे सहा तास पाणी तुमच्यापासून लांब पळणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर येतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची हालचाल कमी, थवेही कमी दाटतात.

उत्तर कोकणात जास्त पक्षी दिसतात आणि सिंधुदुर्गात कमी, असं का?

पुन्हा भरती. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत वरखाली होतं. गोव्याकडे ते साधारण निम्म्यावर येतं. जितका चढउतार मोठा, तितका उघडा पडणारा चिखल जास्त, आणि चिखल म्हणजे किडे, शिंपले, खेकड्यांची पिल्लं. ठाण्याची खाडी, शिवडी, उरण, धरमतरची खाडी ही चिखलाची कोठारं. दक्षिणेला डोंगर समुद्राला भिडलेले, खाड्या चिंचोळ्या, पुळणी स्वच्छ वाळूच्या. पर्यटकाला तेच आवडतं, चिखल्याला नाही.

पण दक्षिण ओस आहे असं समजू नका. तिथे कुरव आणि सुरय चांगले, खडकाळ टोकांवर टर्नस्टोन, आणि सड्यांवर जे दिसतं ते मुंबईकरांच्या नशिबी नाही.

ठिकाणं सांगा.

अलिबागजवळची अक्षी. सुरूच्या बनातून उतरलात की समोर चिखल-वाळूची सपाटी आणि त्यावर कुरव, सुरय, वाळू-चिखल्या, गॉडविट. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, गाजरासारख्या लाल चोचीने कालवं फोडणारा ऑयस्टरकॅचर पाहायला लोक मुद्दाम इथेच येतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक याच गावचा, पण दुर्बीणवाले त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मीही बरीच वर्षं बघितलं नव्हतं.

मुंबईत शिवडीची जेट्टी, भांडुपचं उदंचन केंद्र (पंपिंग स्टेशन) आणि ऐरोली. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे आणि तिथून खाडीत बोट जाते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली. उरणच्या पाणजे, भेंडखळकडच्या पाणथळी भरतीच्या वेळी विसाव्याला मोलाच्या. त्यांचं काय होणार यावर गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे, म्हणून जाण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारून जा.

रत्नागिरीत भाट्ये, सिंधुदुर्गात आचऱ्याची खाडी आणि देवबागला कर्ली जिथे समुद्राला मिळते तो संगम. गोव्यात मोरजीची पुळण कुरवांसाठी, चोडण बेटावरचं सलीम अली अभयारण्य तिवरांसाठी, करमळीचं तळं बदकांसाठी. कुडचड्याजवळचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ ठरलं.

सगळे एकसारखे मातकट दिसतात. ओळखायचे कसे?

पहिल्या वर्षी ओळखू नका, नुसते बघा. विनोद नाही हा. नाव शोधायला पुस्तकात मान घातली की पक्षी काय करतोय ते राहून जातं, आणि या पक्ष्यांत वागणं हीच अर्धी ओळख आहे.

चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. पोरं "स्टॅच्यू" खेळतात तसं. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून डोळे मोठे आणि चोच आखूड. टिलवा, डनलिन वगैरे मंडळी मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात मारत जातात. त्यांचं काम स्पर्शावर चालतं. लाट मागे सरली की तिच्यामागे धावणारा आणि लाट आली की पळ काढणारा, फिकट राखाडी-पांढरा थवा म्हणजे सँडरलिंग. लांब, सरळ, टोकाशी किंचित वर वळलेली चोच गॉडविटची. खाली वाकलेली, विळ्यासारखी, बघून पक्षी पुढे कलंडेल असं वाटावं इतकी लांब चोच कर्ल्यूची. पंधरा सेंटिमीटर किंवा जास्तच. बिळातला खेकडा तो अख्खा बाहेर ओढतो. एकाच चिखलात एवढ्या जाती एकत्र का चरू शकतात, त्याचं उत्तर या चोचींच्या लांबीत आहे : ज्याची चोच जितकी खोल, त्याचं ताट तितकं खालच्या थराला.

चिखल्यांमध्ये सुरुवात गळ्यापासून करा. मानेमागून पांढरा पट्टा पूर्ण फिरला असेल तर केंटिश. पट्टा नसेल, छातीच्या बाजूला मातकट डाग असतील तर वाळू-चिखल्या. डोळ्याभोवती पिवळं कडं असेल तर छोटा कंठेरी चिखल्या, तो पुळणीपेक्षा गोड्या पाण्याकाठी जास्त. छोटा वाळू-चिखल्या आणि मोठा वाळू-चिखल्या यांच्यावरून माझे दोन चांगले मित्र दोन महिने बोलत नव्हते, तेव्हा त्यात मी पडत नाही.

अमूर ससाणा कोकणात खरंच दिसतो?

दिसतो. पण तुमच्यासाठी थांबत नाही.

हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा शिकारी पक्षी. चीनचा ईशान्य भाग आणि अमूर नदीचं खोरं इथे त्याची वीण. हिवाळा दक्षिण आफ्रिकेत. दोन्हींच्या मधे हिमालय, अख्खा भारत आणि अरबी समुद्र. ऑक्टोबरात ते नागालँड-मणिपूरच्या डोंगरांत लाखांनी उतरतात, वाळवीचे पंख फुटलेले किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि नोव्हेंबरात निघतात. नागालँडच्या डोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये त्यांची जाळी लावून झालेली कत्तल जगभर गाजली. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी शिकार थांबवली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले गेले. नागा, पांगती आणि वोखा ही त्यांची नावं. ते भारत ओलांडून पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रावर गेले आणि सोमालियापर्यंत कुठेही टेकले नाहीत. एवढ्याशा पक्ष्याने हजारो किलोमीटर पाण्यावर विसावा न घेता जायचं, तर मागून वारा हवा. नोव्हेंबरात ईशान्येकडून वाहणारा वारा तेच काम करतो.

सह्याद्रीचा माथा हे त्यांना लागणारं शेवटचं उंच ठिकाण. लोणावळ्याच्या माळांवर नोव्हेंबरच्या शेवटी छायाचित्रकारांची झुंबड उडते ती यासाठी. किनाऱ्यावर दिसला तर आकाशात, पश्चिमेला तोंड करून, आणि बहुधा तुम्ही दुर्बीण उचलेपर्यंत गेलेला.

पण त्याच्या वाटेवरची शिदोरी तुम्ही नक्की पाहिली असेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात भातशेतांवर, मैदानांवर, अगदी इमारतींच्या गच्च्यांवरही पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालत असतात, पोरं ज्याच्या शेपटीला दोरा बांधायची तो नव्हे, जरा मोठा, सतत उडणारा. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. पावसाच्या डबक्यांत वाढतो आणि पाऊस संपला की हाही समुद्रावर निघतो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की गोडं पाणी नसलेल्या बेटांवर दर ऑक्टोबरात लाखो चतुर येतात कुठून. २००९ मध्ये त्याने मांडलं की ते भारतातून निघून वाऱ्यावर आफ्रिकेला जातात, आणि अमूर ससाणा, चातक, नीलपंख यांच्या समुद्रावरच्या प्रवासाच्या वेळा चतुरांच्या वेळांशी जुळतात. ससाणा हवेत चतुर पकडून खातो हे तर डोळ्यांनी दिसतंच. आपल्या गच्चीवरच्या चतुराचा सोमालियाशी संबंध आहे हे कळल्यापासून मी गच्चीवर जरा जास्त वेळ घालवतो.

दसऱ्याला दिसणारा नीलकंठ स्थलांतरित असतो का?

दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, कुणी त्याला चास म्हणतं. तो आपला भारतीयच. पावसानंतर मोकळ्या माळांवर, तारांवर येऊन बसतो, म्हणून नेमका दसऱ्याला दिसतो. लांबचा प्रवास नाही, आतल्या आत स्थलांतर.

गंमत अशी की त्याच दिवसांत त्याचा युरोपियन भाऊ इथून जात असतो. मध्य आशिया आणि युरोपातून पूर्व व दक्षिण आफ्रिकेला जाणारे काही नीलपंख कच्छ-सौराष्ट्रमार्गे जातात आणि थोडे आपल्या किनाऱ्यावर उतरतात. सप्टेंबर-ऑक्टोबर, मग गायब. डोकं, छाती, पोट सगळं एकसलग फिकट निळं असेल तर युरोपियन. छातीवर तांबूस-तपकिरी आणि त्यावर रेघोट्या असतील तर आपला. दसऱ्याला तारेवरचा नीलपंख शुभ म्हणून नमस्कार करून पुढे जाऊ नका, छाती बघा.

निळ्या गालाचा वेडा राघू आणि युरोपियन कोकीळ हेही असेच वाटसरू. मंगोलियात २०१९ मध्ये टॅग लावलेला ओनॉन नावाचा कोकीळ भारत आणि अरबी समुद्र ओलांडून झांबियाला गेला आणि पुढच्या वसंतात परतला. तेव्हा घरामागच्या झाडावर ऑक्टोबरात एखादा करडा, अनोळखी कोकीळ अळ्या खाताना दिसला तर "आपल्याकडचाच असेल" म्हणू नका.

सगळे येतातच की कुणी इथून जातंही?

जातात. चातक पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येतो, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि शरदात परत समुद्र ओलांडतो. नवरंग कोकणातल्या रानात पावसाळ्यात वीण करतो आणि आता दक्षिण भारत, श्रीलंकेकडे निघतो. रात्री उडतो, शहरांच्या दिव्यांनी गोंधळतो आणि सकाळी सोसायटीच्या वाहनतळात सापडतो. नऊ रंगांचा पक्षी स्कूटरच्या सीटवर बसलेला पाहून वॉचमन घाबरतात, मग मला फोन.

असा थकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर काय करू?

पुठ्ठ्याचा खोका, हवेला भोकं, आत जुना सुती कपडा, वर झाकण. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पोळी, भात, बिस्कीट काही नको. मुलांना सारखं उघडून दाखवू नका. काचेवर आपटून भांबावलेला पक्षी तास-दोन तासांत सावरतो, मग संध्याकाळच्या आत झाडीजवळ खोका उघडा. पंख लोंबत असेल, रक्त असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

वादळानंतर पुळणीवर विचित्र पक्षी सापडतात ते कोण?

खोल समुद्रातले. बूबी, नॉडी, काजळी सुरय, फ्रिगेटबर्ड. एरवी जमिनीकडे फिरकत नाहीत. जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात दमून किनाऱ्याला लागतात आणि मॉन्सूननंतरच्या चक्रीवादळांतही लागू शकतात. नोव्हेंबर २००९ चं फयान आणि ऑक्टोबर २०१९ चं क्यार ही शरदातलीच. वाळूवर बसलेला, माणूस जवळ गेला तरी न उडणारा मोठा समुद्रपक्षी दिसला की लोक दयेने त्याला उचलून परत लाटेत सोडतात. तो बुडतो. त्याला विश्रांती हवी असते, समुद्र नको असतो. कुत्र्यांपासून राखा आणि वर सांगितलेलाच नंबर लावा. चोच मात्र सांभाळा, बूबीने चावलेलं बरेच दिवस आठवतं.

निरोगी अवस्थेत यांना बघायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात होडीने बरंच आत जावं लागतं. तिथे स्कुआ, शीअरवॉटर आणि अंटार्क्टिकाकडून आलेला, भिंगरीएवढा विल्सनचा स्टॉर्म-पेट्रेल पाण्यावर पाय टेकवत चालल्यासारखा उडतो. मासेमारीचे लोक हे सगळं दरवर्षी बघतात. त्यांना विचारा, आपल्याला कुणी विचारत नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटतं.

रोहित ऑक्टोबरात दिसतील का?

थोडे. मोठे थवे नंतर, जानेवारीपासून मेपर्यंत. कच्छच्या रणातलं पाणी आटायला लागलं की ते इकडे सरकतात, म्हणून ज्या वर्षी गुजरातेत पाऊस भरपूर आणि उशिरापर्यंत, त्या वर्षी मुंबईला वाट बघावी लागते. २०२२ च्या सुरुवातीला बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ठाणे खाडीत सहा रोहितांना उपग्रह टॅग लावले आणि ते गुजरातकडे गेलेले नकाशावर दिसले. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना गुलाबी खाडी दाखवायचं वचन देऊ नका.

लाँचवरून कुरवांना गाठ्या, शेव टाकली तर काय बिघडतं?

मांडव्याच्या लाँचवर हा प्रश्न विचारला तर लोक वाईट चेहरा करतात, म्हणून इथे लिहितो. मैदा, मीठ, तळलेलं तेल हे माशांवर जगणाऱ्या पक्ष्याचं अन्न नव्हे. पोट भरल्यासारखं वाटतं, पोषण शून्य. परतीला त्याला तिबेटचं पठार चढायचं असतं, त्यासाठीची चरबी गाठ्यांतून येत नाही. शिवाय पिशवीही समुद्रातच जाते. फोटो हवा असेल तर काही टाकू नका. लाँचच्या पंख्याने वर ढवळलेले मासे पकडायला ते येतातच.

पक्ष्याच्या पायात रंगीत झेंडा दिसला. कुणाचा पाळीव होता का?

नाही. संशोधकांनी लावलेली ती खूण. भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम बीएनएचएस १९२७ पासून करते आणि हल्ली कड्यासोबत प्लॅस्टिकचे छोटे झेंडे असतात. रंगांची जोडी पाहून कोणत्या देशात, कुठे लावला ते कळतं आणि झेंड्यावरच्या अक्षरांवरून पक्षीसुद्धा. फोटो काढा, कुठल्या पायावर कोणता रंग, वर की खाली, ते लिहून ठेवा आणि बीएनएचएसला कळवा. पक्ष्याला पकडायचा प्रयत्न नको. अशी एखादी नोंद त्या पक्ष्याच्या आयुष्यातली दुसरी आणि शेवटचीच असू शकते.

मला दुर्मिळ पक्षी दिसला असं वाटतंय. काय करू?

आधी पाच मिनिटं काही करू नका. मग फोटो, कसाही, पुसटसा का असेना. मग चोच, पाय, मान, उडताना पंखावर पट्टी होती का, हे कागदावर. पुस्तक शेवटी.

एकदा नोव्हेंबरात मी एक "दुर्मिळ" सुरय चार जणांना फोन करून बोलावून दाखवला. दोघे मुंबईहून आले. पक्षी वळला, ऊन चोचीवर पडलं आणि तो आपला नेहमीचा नदी सुरय निघाला, चोचीला चिखल लागलेला. त्या दोघांनी मला जेवण दिलं नाही, घेतलं.

खरोखर वेगळं काही असेल तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसकट नोंद करा. तिथे स्थानिक तपासनीस विचारणा करतात, त्याचा राग मानू नका. आणि नेहमीच्या पक्ष्यांचीही नोंद करा, आकड्यासकट. "चिखल्या, बरेच" यापेक्षा "चिखल्या, ३४०" उपयोगी.

पूर्वीपेक्षा पक्षी कमी झालेत का?

किनाऱ्यावरचे, हो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनने, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने, किनाऱ्यावरच्या १६ स्थलांतरित जातींना आधीपेक्षा जास्त धोक्याच्या वर्गात टाकलं. त्यांतले कर्ल्यू सँडपायपर, राखाडी चिखल्या, ब्रॉड-बिल्ड सँडपायपर हे तिन्ही आपल्या खाड्यांत येतात. कारणं वाटेवर सगळीकडे पसरलेली आहेत : टुंड्रातलं बदलतं हवामान, वाटेतल्या चिखलांवर भराव, आणि शेवटच्या टोकाला आपण. भरतीच्या वेळी विसाव्याला लागणारी मिठागरं आणि खाजणं बुजवली की समोर चिखल कितीही असला तरी पक्षी तो वापरू शकत नाही. दर बारा तासांनी बसायला जागा नसेल तर नुसतं जेवण पुरत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण "ती जागा तर ओसाड होती, तिथे पक्षी काही खातही नव्हते" हे वाक्य बैठकांमधून फार ऐकलं.

पुळणीवर गाडी चालवणं, कुत्र्याला थव्यामागे सोडणं, उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवणं, हे त्याच हिशेबात धरा. प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी जळते.

दुर्बीण कोणती घेऊ?

८ बाय ४२. किनाऱ्यावर पुढे टेलिस्कोप लागतो, पण आधी कुणाच्या तरी टेलिस्कोपला डोळा लावून बघा. खारा वारा लागतो, घरी आल्यावर पुसा.

पक्षी सप्ताह कधी असतो?

५ ते १२ नोव्हेंबर. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा सलीम अलींच्या. महाराष्ट्र सरकारने २०२० पासून तो साजरा करायला घेतला. सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला तो १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला, म्हणजे या किनाऱ्याचा हक्क तसा जुना आहे. त्या आठवड्यात शाळांच्या सहली निघतात. मास्तरांनो, बाईंनो, सहलीचा दिवस ठरवताना तिथी बघा. गेल्या खेपेला चाळीस मुलं भर ओहोटीला घेऊन आलात आणि त्यांना दोन किलोमीटर चिखल दिसला.